पहिली खबर

टक्.

दुपारच्या शांत घरात एवढाच आवाज झाला. अंगठ्यांच्या दोन नखांमध्ये एक ऊ मेली, आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली आई गारच पडली.

आई आरोग्य खात्यात होती. जगात कुठंही नवी साथ उठली तर काय करायचं, याचे नियम लिहिणाऱ्या समितीत. पहिला नियम तिचाच होता: ज्याला आधी कळेल त्यानं आधी सांगायचं, चोवीस तासांच्या आत. परवा बारा देशांच्या पाहुण्यांसमोर तो तिलाच मांडायचा होता.

"शाळेत कळवायला हवं," ती म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं?" सासूबाईंनी चष्मा वर केला. "शुक्रवारी नाटक आहे पोरीचं. राणी झालीये ती. कळवलंस की मुकुट गेलाच म्हणून समज. गुपचूप औषध लाव नि गप्प बस."

आईनं फोन केलाच. बाई भारावून गेल्या. "तुमच्यासारखे पालक हवेत हो!"

दुसऱ्या दिवशी लेक पाय ओढत घरी आली. तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं होतं. जिवलग मैत्रिणीनंही डबा उचलून लांब नेला होता. आणि राणी आता दुसरीच कुणी होती. बाकी एकाही घरून काही कळलं नव्हतं. म्हणजे अख्ख्या वर्गात उवा फक्त हिला.

लेकीनं मनसोक्त रडून घेतलं. मग दोघी औषधाच्या दुकानात गेल्या.

"उवांचं औषध संपलं, ताई," दुकानदार म्हणाला. "आठवड्यात दोन खोकी गेली. गंमत बघा, घरी कुणालाच नको होतं. सगळ्याजणी शेजारणीसाठी नेत होत्या! एक बारीक फणी उरलीय. तुम्हालाही शेजारणीसाठीच ना?"

"नाही. आमच्यासाठी," आई ताठ मानेनं म्हणाली.

फणी घेऊन पायऱ्या उतरताना तिचा हात आपसूक कानामागे गेला. तिनं खाजवलं. जरा थांबला. पुन्हा खाजवलं.

लेक पायरीवरच उभी राहिली. तिचे सुजलेले डोळे दोन दिवसांत पहिल्यांदाच चमकले.

"आई, तुलापण झाल्या? मग उद्या तू त्या पाहुण्यांना आधी सांगशील ना?"