भिंतीला सांगितलेलं दुखणं

“पुरे! पाय दुखतोय,” विलिकेसाने समोरच्या भिंतीला सांगितलं.

भिंतीने काही केलं नाही. ट्रेडमिल थांबवली ती हृदय तपासायच्या मशीनपाशी बसलेल्या नर्सने, टोरिकाने. ‘पाय दुखला’ असं तिने कागदावर लिहिलं. ती त्याची सख्खी चुलत बहीण. फिजीत मामेबहिणीची हवी तेवढी टिंगल करावी. पण वयात आल्यावर चुलत बहिणीशी थेट शब्द काढू नये. त्यातून विलिकेसा निवृत्त हेडमास्तर. रीत मोडणाऱ्या पोरांना त्याने आयुष्यभर उठाबशा काढायला लावल्या होत्या. आता ‘छातीत आवळतंय’ म्हटलं, की तिने प्रश्न विचारायचे आणि त्याने कोणत्या तोंडाने उत्तरं द्यायची? आणि वर अंगात सदराही नाही! मास्तरांची अब्रू आधीच छातीला चिकटवलेल्या वायरींना लटकत होती.

थोड्या वेळाने डॉक्टर नंद आले. कागद खालवर करत म्हणाले, “यातून काहीच ठरत नाही.”

“म्हणजे काही सापडलं नाही!” विलिकेसा खूश झाला. गुरुवारी त्याच्या बेटाची बोट सुटणार होती. बेटावर त्याचं घर होतं, नातवंडं होती. डॉक्टर मात्र नव्हता.

“सापडलं नाही, कारण शोधूनच झालं नाही, मास्तर. हृदयाने वेग घ्यायच्या आत तुम्ही खाली उतरलात. आता खरं सांगा. नुसता पायच दुखला ना? मग जा घरी, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघू. छातीत काही झालं असेल, तर मात्र मी सोडणार नाही.”

टोरिका कोपऱ्यात वायरी गुंडाळत होती. खरं बोलावं, हा धडा विलिकेसाने पस्तीस वर्षं शिकवला होता. शिकवण्याच्या नादात पाठ करायचा तेवढा राहून गेला होता.

“पायच,” तो भिंतीला म्हणाला.

वायरी टेबलावर आदळल्या.

“खोटारड्या! छाती दाबून धरलीस, ती काय मला दिसली नाही? आणि मी पण गाढव! तुला विचारायचं कसं, म्हणून ‘पाय’ लिहून मोकळी झाले!”

विलिकेसाचे कान तापले. पंचेचाळीस वर्षांत बहीण त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती, आणि बोलली ती शिवी. शिवी खाऊन इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“छातीच होती, टोरिका,” तो म्हणाला. या वेळी त्याने भिंतीकडे पाहिलं नाही.