विजयरेषेपलीकडची शेळी

हंगामातील अखेरच्या शर्यतीच्या दिवशी, सकाळी, मैदानामागील तबेल्यात प्रशिक्षकाला वार्ता मिळाली की, उपचारांसाठी नेलेली पांढरी शेळी दगावली. ती अजिंक्य घोड्याची सोबतीण होती. शर्यतीच्या वेळी तिला विजयरेषेपलीकडे बांधत आणि तिच्या ओढीने तो साऱ्यांना मागे टाकी. "मामा, चषक शेळीलाच द्या, आम्ही दोघे नुसते हमाल!" असे घोडेस्वार भाचा नेहमी म्हणे.

प्रशिक्षकाने कुणालाही न सांगता तशीच दुसरी शेळी आणून तिथे बांधली. घोड्याने स्वतःचाच विक्रम मोडला, थेट शेळीपाशी जाऊन तिला हुंगले, आणि टाळ्यांच्या कडकडाटात तोंड फिरवले. भाच्याने एकदा शेळीकडे पाहिले, एकदा मामाकडे.

पुढील हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत फाटक उघडले, सारे घोडे सुटले. हा मात्र जागचा हलला नाही. प्रशिक्षक वाकून त्याचे पाय पुन्हा पुन्हा चाचपत राहिला. मान वर करण्याचे धैर्य त्याला होईना.

भाचा खाली उतरला.

"पाय ठणठणीत आहेत, मामा. तुम्ही त्याला फसवलंत."