दुसरी सीट

“आप्पांना ट्रॉलीतनं न्हाई, माझ्या गाडीतनं न्यायचं,” अमरेश म्हणाला आणि शांभवी नवऱ्याकडं बघतच राहिली.

अंगणात तिचे सासरे, वीरभद्र आप्पा, खुर्चीत बसवलेले होते. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे मांडी घालून, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार. स्वतःच्या शेतात त्यांना असंच बसतं पुरायचं होतं. तिथवर मिरवत न्यायला ट्रॅक्टरची ट्रॉली केळीचे खुंट बांधून तयार होती. पण अमरेशचं बोलणं ऐकून सगळ्या भावकीनं माना डोलावल्या. कुणीतरी डोळे पुसले. विधी करणारे अय्या जरा घुटमळले. मग गाडीला टप नाही म्हणजे प्रेत बसवून न्यायच्या विमानासारखीच की, असं म्हणून तेही कबूल झाले.

गाडी म्हणजे जुनी जपानी डॅटसन. लाल, उघडी, बुटकी, दोनच सीटांची. कुणा साहेबानं टाकून दिलेली ती आप्पांच्या गोठ्यात वर्षानुवर्षं पडून होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. भंगारवाला मागायला आला की आप्पा त्याला वेशीपर्यंत हाकलून यायचे, कारण लेकाचा तिच्यावर जीव होता. पुढं अमरेशनं कोल्हापुरात उद्यमनगरला लेथचं दुकान टाकलं आणि गाडी कागलच्या या खेड्यातनं उचलून नेली. मग काय, सणवार नाही, सुट्टी नाही, तो हात धुऊन तिच्या मागं लागला. जो भाग जपानातनं मिळेना तो त्यानं उद्यमनगरातच ओतून, कातून घेतला. शेवटी एका दसऱ्याला ती रस्त्यावर आली. त्या दिवसापासून संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जाताना शेजारच्या सीटवर शांभवी बसायची, केसांना रुमाल बांधून.

आप्पांचीही एकच हौस होती. त्या गाडीत बसून एकदा गावातनं फेरी मारायची. सगळ्या गावाला ती हौस ठाऊक होती. ती पुरी न होताच म्हातारा गेला, हेही आता ठाऊक झालं.

का पुरी झाली नाही, हे मात्र फक्त आपल्याला माहीत आहे, असं शांभवीला वाटायचं. खिडकीतनं तिनं किती वेळा पाहिलं होतं. आप्पा कोल्हापूरला आले की गाडीपाशी जायचे आणि हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. लगेच अमरेश फडकं घेऊन शेजारची सीट पुसायला लागायचा. दोघं काहीतरी पुटपुटायचे. आप्पा मान हलवायचे आणि मागं सरायचे. धोतराचा डाग पडेल म्हणून सख्ख्या बापाला लांब ठेवणारा हा माणूस. तिला नवऱ्याची शिसारी यायची.

किळस तर तिला आप्पांचीही यायची. तंबाखूचा वास, शेणाचा वास, नखांतला चुना, बोलताना उडणारी थुंकी. ते बसायचे त्या कोचावर ती वेगळी चादर टाकायची आणि ते उठले की ती चादर चिमटीत धरून बादलीत बुडवायची. पण जे करायचं ते ती तोंडावर करायची. निदान ढोंग तरी नव्हतं.

आणि आता हे वरातीमागून घोडं. सीटवर पाट ठेवला, पाटावर आप्पांना बसवलं, पडू नयेत म्हणून धोतराच्या पट्टीनं सीटच्या पाठीला बांधलं. अमरेश गाडी चालायच्या वेगानं हाकत होता. पुढं भजन, मागं बायका. प्रत्येक खड्ड्याला आप्पांची मान डुलत होती आणि लोक म्हणत होते, लेक असावा तर असा. कुणी फोटोवाल्यालाही बोलावलं होतं. शांभवी पेट्रोलच्या धुरात चालत होती आणि ओकारी आवरत होती. ओकारी प्रेताची होती की त्या कौतुकाची, तिलाच कळत नव्हतं.

शेतात आप्पांना उचललं तेव्हा तिनं पाहिलं, पाटाखालून सीटवर ओल उतरली होती. तिनं पदर नाकाला लावला.

तिसऱ्या दिवशी, समाधीवर दूध घालून झाल्यावर, दोघांनी कोल्हापूरला निघायचं ठरलं. अमरेशनं सीट धुऊन उन्हात वाळवली होती. त्यानं दार उघडून धरलं.

“मी एसटीनं येते,” शांभवी म्हणाली. “त्या सीटवर मी या जन्मात बसायची नाही.” मग तीन दिवस गिळलेलंही बाहेर आलं. “जिवंत होते तेव्हा एकदा बसवायचं होतं त्यांना. मेल्यावर मिरवून काय उपयोग?”

 अमरेशनं नुसतं आईकडं बघितलं. सासू बसव्वा उंबऱ्यावर बसली होती. ती काही बोलणार असं दिसताच तो घाईनं म्हणाला, “नको, अव्वा. ऱ्हाऊ दे.”

पण बसव्वा बोललीच. आवाजात राग नव्हता, त्यामुळं ऐकणं जास्तच जड गेलं.

“त्यो दर खेपेला सीट पुसून म्हणायचा, बसा आप्पा. ह्येनीच कवा आयकलं न्हाय. म्हणायचे, ‘माझी हौस व्हईल रं, पर मी एकदा बसलो की सून परत त्या सीटवर बसायची न्हाय.’”