भांड्याच्या मावशी

"कोण गं या?" सविताने विचारलं.

दारात लंकाबाई उभी होती. खर्ड्याहून एसटीने आलेली, लुगड्याच्या काठाला धूळ, पायात झिजलेल्या चपला. पिशवीतलं फडक्यात बांधलेलं बायबल तिने अर्धंमुर्धं बाहेर काढलेलं. कॉटवर शाळेत अश्विनीबरोबर शिकवणाऱ्या दोघी, सविता आणि अल्मास, चहा पीत बसल्या होत्या. अश्विनी ख्रिस्ती आहे हे जामखेडच्या त्या शाळेत सहा महिन्यांत कुणाला कळलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं आणि हिनेही आपण होऊन सांगितलं नव्हतं.

"मावशी," अश्विनी म्हणाली. तेवढ्यावर थांबली असती तरी भागलं असतं. पण जिभेला हाड नसतं. "भांड्याच्या मावशी आहेत."

गेल्याच रविवारी भरल्या चर्चमध्ये हिने लंकाबाईचा हात धरला होता. विश्वासात वाट दाखवील असं एखादं वडीलधारं माणूस शोधा, असं पाळकसाहेबांनी तरुणांना सांगितलं, तेव्हा शिकलेसवरलेले सगळे सोडून ही या बाईपाशी गेली. लंकाबाईची प्रार्थना ऐकताना हिला रडू यायचं, एवढंच कारण. मला वाचता येत नाही, म्हणून लंकाबाईने आढेवेढे घेतले. मी वाचीन, तुम्ही सांगा, अशी गळ हिनेच घातली. हाक काय मारायची तेही ठरलं होतं. मावशी.

लंकाबाईने बायबल पिशवीत सरकवलं आणि पदर खोचला.

"मोरी कुठं हाय, ताई?"

त्या 'ताई'ने अश्विनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने बोटानेच मोरी दाखवली. लंकाबाई गुडघ्यावर हात टेकून खाली बसली आणि सकाळचा कुकर घासायला घेतला. चांगली दणकून घासली तिने भांडी, तळाची काजळी निघेपर्यंत.

सविताला तिचं काम आवडलं. आमच्याकडेही येशील का, म्हणून तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"न्हाई बाई," लंकाबाई मागे न बघता म्हणाली. "मी ह्ये येकच घर धरलंय. त्ये बी रविवारीच धरलंय."

अश्विनीच्या हातातला चहा गार झाला. आता सांगावं, आत्ताच सांगावं, असं तिच्या मनात तीनदा आलं आणि तिन्ही वेळा तिने बिस्किटांची बशी पुढे केली. एवढ्यात अल्मास उठली. नमाजची वेळ झाली, निघते मी, असं तिने सहज सांगितलं, चप्पल घालता घालता. सविताही तिच्याबरोबर गेली. इतकं सोपं असतं हे, अश्विनीला वाटलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

जिन्यातला आवाज थांबल्यावर ती मोरीच्या उंबऱ्यावर येऊन मटकन बसली. मावशी, एवढंच म्हणाली आणि पुढे हुंदकाच आला. लंकाबाईने शेवटची ताटली पालथी घातली, हात पदराला पुसले, फडकं सोडलं आणि बायबल तिच्या मांडीवर ठेवलं. वाच, म्हणाली. आता ही, पेत्राने येशूला मी ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं, तोच अध्याय काढायला लावणार, या धास्तीने अश्विनीची बोटं पानात अडकली. पण लंकाबाईने मेंढपाळाचं स्तोत्र सांगितलं, रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं ते. तेही अश्विनीला धड वाचता येईना. मग लंकाबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. हाताला भांड्याच्या साबणाचा वास होता.

साडेपाचच्या गाडीला ती निघाली. दारात थांबून तिने पिशवी काखेत धरली. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"फुडल्या शनवारी येते," ती म्हणाली. "दोन-चार भांडी तशीच ठिवत जा, पोरी. कोन आलेलं असलं, तर लागतील."