आधी पहाट

"काका, ते पुस्तक तेवढं परत द्या," बाइंडरबाई दारातूनच म्हणाली. "बदल्यात ही चांगली प्रत घ्या. माझ्या हातून घोळ झालाय."

म्हाताऱ्या शिंप्याने चष्मा कपाळावर चढवला, तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "पुस्तक नाही मिळायचं."

घ्या! बाकीच्या प्रतींसाठी बाईने उभं गाव पालथं घातलं होतं. लोकांनी हसत हसत दिल्या, एकीने तर वर चहा पाजला. आणि शेवटच्या प्रतीपाशी येऊन गाडं अडलं.

येशूच्या मागे चालायचं म्हणजे काय, हे पाळकसाहेबांनी साध्या भाषेत सांगितलेलं ते पुस्तक. छापलेल्या कागदाच्या घड्या, म्हणजे फर्मे, त्यांच्या गड्ड्या टेबलावर ओळीने मांडायच्या आणि एकेक उचलत पुस्तक जुळवायचं, हे काम बाई दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. आणि नेमक्या तिनेच दोन गड्ड्यांची अदलाबदल केली. बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. पाळकसाहेब रागावले नाहीत, ते कधीच रागावत नाहीत. पण चुकीची एक जरी प्रत बाहेर राहिली, तर पुढचं पुस्तक दुसरीकडे द्यावं लागेल, असं अगदी गोड आवाजात म्हणाले. त्या पुढच्या पुस्तकावरच बाईचं दुकान चालायचं होतं.

"अहो काका, यात बागेत शिपाई त्याला धरायला येतात, आणि पान उलटलं की एकदम पहाट, कबर रिकामी! वधस्तंभ त्याच्यानंतर. असं कुठे असतं का?"

"माहीत आहे मला. शर्टाला बाह्या आधी जोडल्या नि अंग मग शिवलं, तर शिंप्याला कळत नाही होय?"

"मग?"

शिंप्याने खाटेकडे पाहिलं. तिच्यावरची गादी गुंडाळून उशाला ठेवलेली होती.

"आमच्या हिला रोज संध्याकाळी वाचून दाखवायचो. दोन पानं झाली की दमायची. शिपाई आले तिथे म्हणाली, बास करा आज. आता तो वधस्तंभाचा शुक्रवार येणार, मला नाही सोसायचं. दुसऱ्या दिवशी पान उलटलं, तर पहाट! मी अडखळलो. तर ही म्हणते, अहो, उठला की काय इतक्यात? म्हटलं, पुस्तकात तसंच आहे बाई. तशी हसली. किती दिवसांनी हसली गं! म्हणाली, बरं झालं. पुढचं उद्या वाचा."

त्याने गादीची सुटलेली कड आत खोचली.

"तो उद्या काही आला नाही."

बाईने हातातला पेला खाली ठेवला.

"तुझ्या चांगल्या प्रतीत त्या पानाच्या आधी अख्खा शुक्रवार येतो," शिंपी म्हणाला. "मग ही कुठे थांबली, ते मी कुठे बघायचं?"

बाईला दुकान दिसत होतं, पाळकसाहेबांचा गोड आवाज ऐकू येत होता, आणि समोर हा माणूस बसला होता. तिने पिशवीतून कटर काढला. शिंप्याने पटकन पुस्तक छातीशी धरलं.

"घाबरू नका हो! आमच्या धंद्यात कव्हर परत आलं की ती प्रत रद्द झाली असं धरतात. मला नुसतं कव्हर द्या. आतलं सगळं तुमचं."

"आणि पाळकसाहेबांना काय सांगशील?"

"झालं तेच सांगेन. खोटं बोलून येशूच्या पुस्तकाचं काम मिळवू की काय? पटलं तर देतील, नाहीतर जातील दुसरीकडे."

शिंप्याने पुस्तक पुढे केलं.

तिने कव्हर अलगद सोडवलं. पण रोज त्याच पानावर उघडून शिलाई पार ढिली झाली होती. दोन फर्मे सुटून तिच्या मांडीवर आले. "अगं बाई!" ती म्हणाली. शिंप्याने सुईत दोरा ओवून दिला आणि कव्हरासाठी अस्तराचं निळं कापड काढलं. "पुस्तकाचं माप जन्मात घेतलं नव्हतं," असं पुटपुटत त्याने ते बेतलं.

बाईचे हात भराभर चालू लागले. टाके घालता घालता तिची नजर पुस्तकाच्या पाठीवर गेली. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते. सगळ्या खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या ओळीत उतरल्या की पुस्तक बरोबर लागलं. इथे पायऱ्या अगदी सरळ उतरत होत्या.

"मेले हात!" ती ओरडली. "टेबलावर चुकायला नको होतं तिथे चुकले, आणि आता शहाणे झालेत!"

तिने दोरा कापला, टाके उसवले, पहाट उचलून पुन्हा शुक्रवाराच्या आधी ठेवली. शिवताना मोडलेल्या पायरीवरचं बोट तिने हलवलं नाही. मग निळं कापड चढवून पुस्तक म्हाताऱ्याच्या हातात दिलं.

"काका, बघा बरं, नीट चुकलंय ना?"

शिंप्याने चष्मा नाकावर ओढला. बागेत शिपाई आले ते पान काढलं, आणि अंगठ्याने हळूच पुढचं उलटलं.

"हो," तो म्हणाला. "पहाटच आहे."