रूट मिळणार नाही

"रूट नहीं मिलेगा, सर," फोनवर दामले मॅडम म्हणाल्या. "किसी को नहीं मिलता."

उल्हास केतकरने फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे हा नकार समोर बसलेल्या चंद्रहासनेही ऐकला. रूट म्हणजे संस्थेच्या मोठ्या कॉम्प्युटरचे सर्वाधिकार. ते हातात असले की काहीही उघडता येतं, काहीही पुसता येतं. कॉम्प्युटर शहराच्या दुसऱ्या टोकाला, संस्थेच्या नव्या इमारतीत होता आणि त्याचा कारभार दामले मॅडमकडे होता.

"मॅडम, मुझे सिर्फ देखना है कि मेरा प्रोग्राम कहाँ अटकता है."

"मालूम है. लेकिन वो टूल पूरी मशीन में झाँक सकता है. दूसरों का काम भी दिखेगा. आपके लिए कुछ और सोचती हूँ."

फोन बंद झाला. उल्हास खुर्चीत मागे टेकला.

त्याचा प्रोग्रॅम जुन्या पुलांची थरथर मोजायचा. गाडी गेली की पूल किती हलतो आणि अजून किती वर्षं टिकेल, ते सांगायचा. त्यातली ओळ न् ओळ उल्हासने लिहिली होती. त्याच्या आकड्यांमुळे दोन धोकादायक पूल वेळेत बंद झाले होते. हे तो भेटेल त्याला सांगायचा, आणि का सांगू नये? पण नव्या मशीनवर प्रोग्रॅम मुंगीच्या पावलांनी चालायला लागला आणि बाकीच्यांची कामं अडू लागली. शुक्रवारच्या बैठकीत तो काढून टाकून बाहेरचा विकत घ्यायचं ठरणार होतं. तशी शिफारस खुद्द दामले मॅडमनीच केली होती. प्रोग्रॅम वाचवायचा तर वेळ नेमका कुठे जातो ते दाखवायला हवं होतं. ते दाखवणारं टूल मशीनवर होतंच, पण उल्हासने चालवलं की 'परवानगी नाही' एवढंच म्हणायचं.

"डायरेक्टरसाहेबांना फोन करा ना," चंद्रहास म्हणाला. तो नुकताच नागपूरहून या हिंदी मुलखात बदलून आला होता. "दोन मिनिटांत सरळ होईल बाई."

"नको."

"मग निदान मराठीत बोला यार. दामले म्हणजे आपलीच माणसं. विरघळेल."

"मॅडम ऑफिसात मराठी बोलत नाहीत."

"कमाल आहे. असली बाई घरी कशी वागत असेल हो?"

"ते तिच्या नवऱ्याने बघावं," उल्हास म्हणाला आणि त्याने डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. मशीनचा कडक नियम त्यांनी तसाच ठेवला होता. फक्त एक छोटा गट तयार केला होता. त्या गटातल्यांनाच टूल वापरता येणार होतं आणि उल्हासला गटात घेतलं होतं.

त्याने टूल चालवलं. परवानगी नाही.

"ऐसा कैसे?" मॅडम पहिल्यांदाच गोंधळल्या. त्यांनी गट तपासला, नाव होतं. टूलला दिलेले अधिकार तपासले, तेही बरोबर होते. उल्हासने पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. घोडं अडलं ते अडलंच.

"बघा," चंद्रहास कुजबुजला. "मुद्दाम करतेय. शुक्रवार उजाडेपर्यंत खेळवणार तुम्हाला."

"ती तसं करणार नाही," उल्हास एकदम तडकून म्हणाला.

संध्याकाळी उल्हास घरी गेला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याच्या बायकोने, वसुधाने, काही विचारलं नाही, फक्त वाटीत आमटी जास्त वाढली. दोघंही नोकरीवाले. ऑफिसचं ऑफिसात, हा त्यांचा लग्नापासूनचा नियम होता आणि तो आजवर कुणीही मोडला नव्हता. त्या रात्री मात्र तो मोडावा असं उल्हासला फार वाटलं. त्याने आमटी संपवली.

सकाळी मॅडमचाच फोन आला. "सर, एक बात बताइए. आप लॉग-इन कब हुए थे?"

उल्हास आठवू लागला. तो लॉग-आऊट कधी करतच नसे. पडद्याला कुलूप लावायचं आणि निघायचं. कॉम्प्युटर बंद दिसला की काम बंद पडल्यासारखं वाटायचं त्याला.

"दिवाली के बाद शायद," तो ओशाळून म्हणाला.

"तभी तो. आप किस ग्रुप में हैं, ये मशीन लॉग-इन के वक्त देखती है. अंदर बैठे आदमी से दोबारा नहीं पूछती. बाहर आइए, फिर अंदर जाइए."

तो बाहर पडला, पुन्हा आत शिरला. टूल चाललं.

हातच्या काकणाला आरसा कशाला? पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. गणित झपाझप चाललं होतं. वेळ जात होता तो दर पायरीला आकडे डिस्कवर लिहून, लिहिलं गेल्याची वाट बघण्यात. जुन्या मशीनच्या काळात लाईट सारखी जायची, तेव्हाची ती सोय. आता तिची गरज नव्हती. उल्हासने ती काढली आणि प्रोग्रॅम सुसाट धावला. त्याच्या गणितात खोट नव्हती. त्याचा ऊर भरून आला.

शुक्रवारी मॅडमनी बैठकीला व्हिडिओवर न येता फोनवरूनच सांगितलं, "मैं अपनी सिफ़ारिश वापस लेती हूँ. ये प्रोग्राम रहेगा. ऐसा गणित बाज़ार में नहीं मिलता."

उल्हासला इतका आनंद झाला, की तो चंद्रहासला ओढतच घरी घेऊन निघाला. तेलीबागेच्या बाजारात थांबून त्याने मटार घेतले, गरम जिलेबी घेतली.

"बाई वाटली तेवढी वाईट नाही," गाडीत चंद्रहास म्हणाला. "पण अडवलं बघा तिने तुम्हाला. तुमच्यासारख्या माणसाला."

"अडवलं म्हणूनच तर," उल्हास म्हणाला. "माझ्यासाठी नियम वाकवला असता, तर मान खाली गेली असती."

"तुमची?"

वृंदावन योजना या वसाहतीतल्या घरापाशी गाडी लावून उल्हासने बेल वाजवली. वसुधाने दार उघडलं. तिने मटारची पिशवी हातात घेतली, पाहुण्याला हसून या म्हटलं आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो सर, आज तरी लॉग-आऊट करून आलात का?"