गैरहजर मतदार

"सांगतो वं बाई, पण जीभ रेटत नाही." मतदार यादी तपासायच्या कामाच्या पहिल्या वर्षी अंगणवाडी सेविका दीप्ती घरोघर फिरली, तेव्हा दारातली एक म्हातारी आपल्या नवऱ्याबद्दल असं म्हणाली होती. दीप्तीनं घड्याळ बघत 'मयत' लिहिलं आणि पुढचं घर गाठलं. त्याला चौदा वर्षं झाली. वस्तीतली कितीतरी नावं तिच्याच हातानं यादीतून गेली.

यंदा तिच्या केंद्रावर मतदान फारच कमी झालं. शाळेच्या खोलीत निवडणुकीचे नवे साहेब यादीवरून पेन फिरवत होते.

"हा प्रशिक पाहा, ताई. वय एकवीस. नाव नोंदवल्यापासून तीन मतदानं झाली, अन् हा पोट्टा एकदाही आला नाही!"

"खापरखेड्याले कामावर असते तो."

"मागच्या वेळी तर तुम्ही हिंगणा लिहिलं होतं." साहेब हसले. "या पोट्ट्यांमुळेच आपला टक्का पडून राहिला. अठरा झाले का हौसेनं कार्ड काढतात, अन् मतदानाच्या दिवशी लोळत पडतात. आळशी लेकाचे! नंबर द्या त्याचा, मीच झाडतो त्याले."

दीप्तीनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"आळशी नव्हता, साहेब," ती म्हणाली. "माझा मुलगा होता. अठरावं सरल्याबरोबर मीच त्याचा अर्ज भरला. कार्ड पोस्टानं आलं, तेव्हा आम्ही त्याच्या मातीवरून घरी येऊन राहिलो होतो."